घेतलं नाही, फवारत होतो

आमच्याकडे पिकावरच्या कीटकनाशकाच्या फवारणीची मजुरी पंपावर ठरते. पाठीवर सोळा लिटरची टाकी, ती एकदा रिकामी झाली की एक पंप. जितके पंप तितके पैसे. धुऱ्यावर बसलेल्या माणसाला बसल्याचे पैसे नाहीत, साबणाने हात धुण्याचे नाहीत, गळकं झाकण दुरुस्त करण्याचे तर मुळीच नाहीत. मी बी.ए. झालेलो आहे. एरवी तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात असतो, आणि जुलैपासून दिवाळीपर्यंत गावात फवारतो, कारण चपळ माणसाला त्यात निंदणाच्या दुपटीहून जास्त सुटतं. हा हिशेब आधीच सांगून टाकतो. पुढे डॉक्टरांपासून पोलीस जमादारापर्यंत प्रत्येकाने मला विचारलं, की अंग झाकणारं किट का नव्हतं घातलं? त्याचं खरं उत्तर या हिशेबात आहे आणि ते खाटेवर पडून नीट देता येत नाही.

आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीला लागून. २०१७ साली तिकडे काय झालं ते इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. त्या पावसाळ्यात फवारणीतून विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळी आटोक्यात येत नव्हती, हवा कोंदट होती, आणि नव्या बॅटरी पंपांचा फवारा जुन्या हातपंपापेक्षा बारीक आणि जोराचा होता. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. मग आमच्याकडेही कृषी केंद्रांवर पोस्टर लागले आणि एका कार्यक्रमात मला किट मिळालं: प्लास्टिकचा एप्रन, चष्मा, कापडी मास्क, पातळ हातमोजे. सप्टेंबरच्या कोंदट दुपारी तो एप्रन घालून दोन तासांत जेवढे पंप होतात, तेवढे एप्रनशिवाय तासाभरात होतात. चष्म्यावर वाफ धरते, मग तो कपाळावर जातो. कापडी मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही, आणि ओला झाला की तोंडावर औषधाची घडी ठेवल्यासारखंच. दुपट्टा गुंडाळला तरी तेच.

२०२४ च्या सप्टेंबरात ज्यांच्या वावरात होतो त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. माणूस चांगला. त्या दिवशी कृषी केंद्रातून तीन डबे आले होते: अळीचं एक, तुडतुड्यांचं एक, आणि वरून फुलं धरण्यासाठी टॉनिक. तिन्ही एकाच टाकीत. वेगवेगळं फवारायचं तर मजुरी तिप्पट, त्यामुळे हे मिश्रण सगळीकडे चालतं. कशात काय मिसळावं हे दुकानदार सांगतो. डब्यासोबत घडी घातलेलं पत्रक येतं, त्यात सगळं लिहिलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि ते बहुतेक वेळा दुकानातच गळून पडतं.

माझ्या पंपाचं झाकण गळत होतं. पाठ ओली, तिथून कंबर ओली, पँट ओली. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकून मोकळं करायचं, हे सगळेच करतात, कारण सुई घरी राहते. मध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, त्याच तळहातावर. दुपारी दोनच्या सुमारास डोकं ठणकायला लागलं. मग घाम, पण उन्हाचा वाटावा असाच. चुलतभाऊ म्हणाला, "ऊन लागलं तुले, बस जराकसा." बसलो, लिंबूपाणी प्यालो, उठून आणखी पंप मारले. मग डाव्या डोळ्याची पापणी आपोआप उडायला लागली. मग पोटरीतलं मांस कातडीखाली वळवळल्यासारखं झालं. दुखत नव्हतं, नुसतं हलत होतं. समोरची पऱ्हाटी अंधारल्यासारखी दिसायला लागली, भर दुपारी. तोंडात थुंकी एवढी येत होती की गिळून संपेना. ओकारी झाली तेव्हा चुलतभावाने पंप काढून घेतला.

इथे त्याने जे केलं त्यामुळे पुढचं सगळं सोपं गेलं. त्याने तिन्ही डब्यांचे फोटो काढले, लेबल वाचता येईल असे, आणि मग मला गाडीवर मध्ये बसवून काकांसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. तिथे सिस्टरने आधी सुई टोचली नाही, आधी कपडे कापले. अंतर्वस्त्रासकट सगळे, थेट पिशवीत, तोंड बांधून. मग मला बाहेरच्या नळाखाली बसवून साबणाने धुतलं: केस, कानामागे, नखं, काख, जांघ. लाज वाटण्याइतकं भान होतं, म्हणून वाटली. नंतर कळलं की तेच बरोबर होतं. जोवर ओले कपडे अंगावर तोवर औषध आत जातच राहतं, आणि सगळी कातडी सारखी नसते. मला लागलेल्या औषधाच्याच कुळातल्या पॅराथिऑन नावाच्या औषधाची माणसाच्या कातडीवर चाचणी झालेली आहे. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं आत शिरतं त्याच्या चौपट कपाळातून शिरतं, सातपट काखेतून आणि जवळपास बारापट अंडकोषाच्या कातडीतून. गळक्या पंपाचं पाणी नेमकं तिकडेच उतरतं. मास्क मास्क म्हणून सगळे ओरडतात, आणि पँट ओली असलेल्या माणसाला कोणी घरी पाठवत नाही.

केंद्रातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, म्हणून उजेड कमी वाटत होता. अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, सुरू करून १०८ बोलावली आणि मला जिल्ह्याला पाठवलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न, "घेतलं का?"

विदर्भात या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. औषधाच्या वासाचा माणूस गाडीतून उतरला की डॉक्टर, शिपाई, शेजारच्या खाटेवरच्याची आई, सगळ्यांच्या मनात तेच येतं, की याने जीव द्यायला औषध प्यालं. त्यांचा दोष नाही, त्या वॉर्डात तसेच पेशंट जास्त येतात. शिवाय डॉक्टरांना ते कळायलाच हवं, कारण पोटात गेलेल्याचे उपचार थोडे वेगळे. पण मला बोलता येत नव्हतं, तोंडात फेस. चुलतभाऊ ओरडून सांगत होता, "घेतलं नाही जी, फवारत होता, हे पाहा फोटो." पहिल्या कागदावर नुसतं 'विषबाधा' लिहिलं होतं. त्याने तिथेच उभं राहून 'फवारणी करताना, कातडीतून व श्वासातून' असं लिहून घेतलं. मी झेरॉक्सच्या दुकानात कागदं पाहून पाहून तयार झालो, तो मात्र सातवी नापास, आणि पहिला कागद कसा लिहिला जातो यावर पुढचं सगळं ठरतं हे त्यालाच सुचलं.

फोटोंमुळे औषधाचं खरं नाव डॉक्टरांना लगेच मिळालं. दुकानातलं नाव काहीतरी वाघ-सिंह छाप असतं, त्यावरून काही कळत नाही. खालच्या बारीक ओळीत प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के होतं. प्रोफेनोफॉस म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस या कुळातलं औषध, म्हणजे अॅट्रोपिन चालू ठेवायचं. काही औषधांवर असा नेमका उतारा नसतो, लक्षणं येतील तसे उपचार करावे लागतात. म्हणून डबा किंवा त्याचा फोटो सोबत नेणं ही माझ्या मते सगळ्या किटपेक्षा स्वस्त आणि कामाची गोष्ट आहे. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, १८०० ११६ ११७ या मोफत नंबरावर दिवसरात्र विचारता येतं. तो नंबर मी आता पंपाच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवला आहे.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अॅट्रोपिनने तोंड असं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते. छाती धडधडते, अंग तापतं. एक तरुण डॉक्टर मॅडम दर थोड्या वेळाने यायच्या, छातीला नळी लावायच्या आणि काखेत हात घालून बघायच्या. मला वाटे ताप बघतात. त्या घाम बघत होत्या. काख कोरडी झाली, छातीतली घरघर थांबली आणि नाडी वर आली, की औषध पुरेसं झालं. तोवर वाढवत न्यायचं. ते वाढवता वाढवता मी भ्रमात गेलो. हवेतून काहीतरी वेचत होतो म्हणे, उजवा हात डावीकडून उजवीकडे फिरवत होतो, फवारल्यासारखा, आणि बायकोला सांगत होतो की पाणी भर, पाणी भर. हात खाटेला बांधावे लागले. शेजारच्यांनी याला बाहेरचं काही लागलं असं ठरवून टाकलं. भ्रमाचा डॉक्टरांना काही धक्का नव्हता. त्यांची भीती वेगळीच होती. पहिला धोका टळल्यावर, एक ते चार दिवसांत, मान आणि श्वासाचे स्नायू अचानक सैल पडू शकतात. म्हणून बरं वाटत असूनही रोज मला उशीवरून डोकं उचलायला लावायचे. माझं उचललं जात होतं. दोन खाटा सोडून एकाचं उचललं गेलं नाही, त्याला त्या रात्री श्वासाच्या मशीनवर घेतलं.

पोलिसांचा जबाब मी शुद्धीवर आल्यावर झाला. अशी केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची असते, जबाब होतोच. जमादार वयस्क होते. "घरात भांडण? कर्ज? दारू?" त्यांनी सवयीने विचारलं. मी म्हटलं, साहेब, घेतलं नाही, फवारत होतो. ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." मग माझ्या पाठीवरचा लाल चट्टा दाखवला, टाकी टेकते तिथे बरोबर टाकीच्या आकाराचा. तो त्यांनी जबाबात लिहिला. वावर कोणाचं, औषध कुठून आणलं, हेही लिहिलं. काकांचं नाव आलं तेव्हा काका बाहेर बाकावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता आमचे संबंध थोडे बदलणार. गाडीभाडं त्यांनीच दिलं, महिन्याचा किराणाही भरला, याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणसाने मदत केली हे वेगळं, आणि माणसाच्या कामावर दुसरा माणूस आजारी पडला असं कागदावर येणं वेगळं.

रक्ताचा रिपोर्ट डॉक्टर मॅडमनी मला समजावून सांगितला. शरीरात कोलिनेस्टरेज नावाचं एक द्रव्य असतं. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो, आणि हुकूम पाळून झाला की हे द्रव्य तो पुसून टाकतं. औषध या द्रव्यालाच धरून बसतं, मग हुकूम पुसलाच जात नाही. डोळा, लाळ, आतडं, पोटरी, सगळे एकदम आणि न थांबता काम करायला लागतात. अळी अशीच मरते. माझा आकडा भरती होताना हजाराच्या आत होता, आणि कागदावर छापलेला सामान्य पल्ला पाच हजारांच्या वर सुरू होत होता.

मी विचारलं, माझा स्वतःचा आधी किती होता?

त्या म्हणाल्या, तेच तर कोणालाच माहीत नाही. सामान्य पल्ला मोठा असतो, पाच हजारांपासून बारा हजारांपर्यंत. ज्याचा मूळचा बारा आहे तो सहावर आला तरी कागद त्याला ठीकच म्हणेल, आणि त्याचा अर्धा साठा संपलेला असेल. रोज थोडं थोडं औषध अंगात जाणाऱ्या माणसाचा आकडा गुपचूप उतरत राहतो आणि मग एक दिवस नेहमीइतक्याच पंपांनी तो आडवा होतो. आमच्या गावात म्हणतात, "इतके वर्षं फवारतो, मले सवय आहे." सवय कसली, उतरलेला आकडा असतो तो. लाल पेशींतलं हे द्रव्य पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागू शकतात, म्हणजे अख्खा हंगाम.

सुट्टी देताना तेच सांगितलं, की आकडा वर येईपर्यंत औषधाच्या जवळ जायचं नाही, मिसळायला नाही, फवारलेल्या वावरात निंदायलाही नाही. पायात मुंग्या किंवा जोर कमी वाटला तर लगेच या, कारण या गटातल्या काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनीही पाय जाऊ शकतात. माझे गेले नाहीत. डोकेदुखी राहिली, झोप विस्कटली, आणि दुकानात कोणी दहा प्रती सांगितल्या की मला परत विचारावं लागे, किती म्हटलं?

मदतीचं म्हणाल तर ते लवकर आटोपतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात कीटकनाशकाची विषबाधा धरलेली आहे. मृत्यूला दोन लाख. पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. माझ्या नावावर सातबारा नाही आणि मी जिवंत आहे, म्हणजे मी दोन्हीकडून बाद. तलाठी कार्यालयातल्या बाबूंनी हे फार सौजन्याने सांगितलं.

घरी बसून असताना मी मोबाइलवर कायदा शोधला आणि दुकानात येऊन त्याची प्रिंट काढली, मालकाने पैसे घेतले नाहीत. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम. त्यात या औषधांच्या संपर्कात काम करणाऱ्यांची कामाआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी असं आहे, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट या कुळांतली औषधं हाताळणाऱ्यांचं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावं असंही. दर महिन्याला! डब्यावरच्या त्रिकोणाचे रंगही त्याच नियमांतले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आमच्याकडे लाल सोडून बाकी सगळं सौम्य समजतात, पण पिवळ्याचा अर्थही 'अतिशय विषारी' असाच आहे.

पुढच्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या हंगामाआधी, ती प्रिंट घेऊन मी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर नवे होते, त्यांनी कागद पूर्ण वाचला. चाचणी तिथे होत नाही, नमुना पाठवावा लागतो. ते म्हणाले, फवारणाऱ्यांना घेऊन या, नोंद तर करू. गावात आम्ही फवारणारे दहा-बाराजण. काही आले. दोघं सुई पाहून परत गेले. एकजण म्हणाला, आकडा कमी निघाला तर मला कोणी कामावर बोलावणार नाही. त्याचं चुकीचं नव्हतं, आणि त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

मजुरीचं मात्र आम्ही बसून ठरवलं. पंपावर नाही, दिवसावर. सकाळी लवकर सुरू, अकराला बंद, उरलं तर चारनंतर. वारा पाठीशी ठेवायचा, म्हणजे मधूनच पिकाची ओळ सोडून फिरून यावं लागतं, ज्याला पंपावरच्या हिशेबात कोणी तयार नसे. औषध मालकाने आणायचं, पण डबा उघडण्याआधी लेबल आम्हाला दाखवायचं, आणि बिल पक्कं. वावरात धुण्याचं पाणी आणि साबण मालकाचा. गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही. बायका पाणी आणून ओततात, त्यांनी घट्ट औषधाला हात लावायचा नाही, मिसळणाऱ्याने जाड हातमोजे घालून लांब काडीने मिसळायचं, कारण तोच सगळ्यात जहाल क्षण असतो. पऱ्हाटी उंच झाली की हात वर जातात आणि थेंब दंडाकडे वाहतात, म्हणून तेव्हा हातमोजा बाहीच्या वरून घालून त्याची कड उलटी मुडपायची. खाली फवारताना बाही वरून. ही युक्ती कुठल्या पोस्टरवर नव्हती, ती दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितली. एप्रन आम्ही सोडून दिला. त्याऐवजी पाठीपासून मांडीपर्यंत प्लास्टिकची ताडपत्री बांधतो, पुढून सुती पूर्ण बाहीचा शर्ट. आदर्श नाही, पण दुपारपर्यंत अंगावर राहतं. ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, यावरून माझ्या घरी अजून वाद होतात, कारण पाणी एकाच हापशाचं.

अर्ध्या गावाने दिवसाची मजुरी मान्य केली. बाकीच्यांनी शेजारच्या गावातून पंपावर माणसं आणली. काकांनी पहिल्यांदा तेच केलं, आणि ऑगस्टात मला निरोप पाठवला, "दिवसावर ये, पण पुऱ्हा दिवस भर." मी गेलो. अकराला पंप उतरवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, चारपर्यंत मला तुरीतलं गवत काढायला लावलं, न फवारलेल्या बाजूचं.

हंगामाच्या मध्यावर ज्यांनी जूनमध्ये रक्त दिलं होतं त्यांची परत तपासणी झाली. चुलतभावाचा आकडा जूनच्या निम्म्याच्या खाली आला होता आणि त्याला काहीही होत नव्हतं. तो रिपोर्ट खोटा म्हणाला. डॉक्टरांनी त्याला फवारणी बंद करायला सांगितली. तेवढे आठवडे त्याने पाणी आणि बैलबंडी सांभाळायची आणि मजुरी आमच्याएवढीच घ्यायची, असं आम्ही आपसांत ठरवलं, म्हणजे आमच्या प्रत्येकाच्या वाट्यातून थोडं थोडं गेलं. दोघांना ते पटलं नाही. चाचणीसाठी लागणारा खर्च तालुक्याच्या लॅबमध्ये गेलं तर खिशातून होतो, आणि तो मालकांनी द्यावा की आम्ही, यावर पोळ्याच्या दिवशी पारावर मोठं भांडण झालं. काका म्हणाले ट्रॅक्टरचं ऑइल मी बदलतो ना, मग हेही मीच देतो, पण माझ्याकडे येणाऱ्यांचंच. बाकीच्यांनी अजून होकार दिलेला नाही. येत्या जूनमध्ये परत बसायचं ठरलं आहे.